पात्यावरचा कॅमेरा

कटिंग मशीनवर ‘वापर बंद’चा कागद चिकटवून तपासनीस गेला, त्याला महिना होत आला होता. आज दुपारी तोच तपासनीस परत यायचा होता. त्याला पटलं तर कागद निघणार, नाही पटलं तर मशीन तसंच धूळ खात पडणार. आणि बाइंडिंगचा सगळा कारखाना त्या एका मशीनवर अडून बसला होता. शिवलेल्या पुस्तकांच्या थप्प्या दारापर्यंत आल्या होत्या. कडा कापल्याशिवाय त्यांना कोणी पुस्तकं म्हणणार नव्हतं.

तपासनिसाला पटवायचं काम जावयाकडे होतं. कारखाना त्याच्या सासऱ्यांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणत, तोही अण्णाच म्हणे. तो स्वतः एका ऑफिसात प्रोग्रॅम लिहायची नोकरी करायचा आणि आज रजा टाकून सकाळपासून मशीनशेजारी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता.

मशीन जुनं, पण कामाला वाघ. पात्याखालच्या सपाट लोखंडी पाट्यावर कागदाचा गठ्ठा सरकवायचा, दोन्ही हातांनी थोपटून कडा जुळवायच्या, हात बाहेर घ्यायचे आणि पायाने पायडल दाबायचं. आधी दाबपट्टी उतरते, मागोमाग पातं. जाडजूड गठ्ठा लोण्यासारखा कापला जातो. मधे हात आला तर पात्याला त्याचं काही विशेष वाटणार नाही. हात आत असताना मशीन अडवणारी प्रकाशाची एक यंत्रणा पूर्वी समोर होती. ती जळाली. मशीन बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे सुटा भाग मिळायचा प्रश्नच नव्हता.

कॅमेऱ्याची कल्पना मुळात थोरलीची, म्हणजे अण्णांच्या मोठ्या मुलीची, जावयाच्या बायकोची. कितीतरी वर्षं ह्या मशीनवर तीच बसायची. जुनी यंत्रणा मधूनमधून दगा द्यायला लागली, तेव्हा एका रविवारी ती नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या त्या प्रोग्रॅमला रस्त्यावरच्या गाड्या ओळखता येतात ना? मग माझे हात ओळखायला काय धाड भरलीय?” दोघांनी मिळून पात्याच्या वर कॅमेरा बसवला. ती कागद कापायची, तो व्हिडिओ घ्यायचा. घरी जेवणं झाली की ते व्हिडिओ दाखवून दाखवून तो प्रोग्रॅमला हात म्हणजे काय ते शिकवायचा. मग तिचं आजारपण आलं आणि काम अर्धवट राहिलं. गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतर त्याने त्या प्रोग्रॅमला हात लावला नव्हता.

आता थोरलीच्या जागी धाकटी बसत होती. वाचवायचे होते ते तिचे हात.

“भावोजी, चहा निवला,” धाकटी म्हणाली. “दुसरा आणू?”

“नको.”

“सकाळपासून दोन आणलेत आणि दोन्ही तसेच परत नेलेत. चहावाला विचारेल, काय वाईट होता का म्हणून.”

तो हसला नाही. कॅमेऱ्यातलं चित्र वाचायचं, त्यात कडा, रंग, आकार शोधायचे, तर प्रोग्रॅमला एक तयार लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडचा संग्रह, लागते. ती मशीनला जोडायला आणलेल्या ह्या नव्या बोर्डावर, तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर, तयार मिळत नव्हती. मूळ कोड उतरवून बोर्डावरच बांधून घ्यावी लागत होती. कोणते भाग हवेत, कोणते नकोत ते आधी सांगायचं, मग बोर्ड बसतो तासन्‌तास दळण दळत. लवकर व्हावं म्हणून त्याने बरेच भाग गाळले होते. पडद्यावर खिडकी उघडून चित्र दाखवण्याचा भागही गाळला. मशीनवर पडदा होताच कुठे? एक दिवा पुरे होता. हात आत असला की लाल, नसला की हिरवा. लाल असताना पायडल कितीही दाबा, पातं हलणार नाही.

सुरुवातीला बोर्डाने एक लांबलचक यादी दाखवली होती. काय सापडलं, काय सापडलं नाही, ओळींवर ओळी. नेमके तेव्हा अण्णा मागे येऊन उभे राहिले होते.

“झालं का?”

“आता तर सुरू होतंय, अण्णा.”

“मग सुरू करा की. वाचत काय बसलात? पुराण आहे का ते?”

त्याने यादी वरवर चाळत खाली सरकवली आणि लायब्ररीची बांधणी सुरू केली.

ती एकदाची संपली, तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. त्याने लायब्ररीला तिचा व्हर्जन नंबर विचारला. तो आला. मग बोर्डावर हाताचा एक फोटो टाकला आणि प्रोग्रॅमला शोधायला सांगितलं. हाताभोवती नीटस चौकट आखलेला फोटो परत आला. त्याने पहिल्यांदाच पाठ सरळ केली.

“सापडला हात!” धाकटी त्याच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली. “कोणाचा आहे?”

“माझाच.”

“तरीच. नखं वाढलीयत.”

कोपऱ्यात शिडीवर बसलेला वायरमन खो खो हसला. तो म्हातारा, मशीनइतकाच जुना. मशीनच्या वायरिंगची नस न् नस त्याला ठाऊक होती. त्याने दिव्याच्या दोन तारा बोर्डाला जोडल्या. मशीनच्या मोटरची जोडणी अजून सुटीच होती. आधी नुसता दिवा बघायचा, पातं नंतर, असं जावयाने बजावून ठेवलं होतं.

धाकटी पाट्यासमोर बसली. गठ्ठा सरकवला. दिवा लाल झाला. तिने थोपटलं, कडा जुळवल्या, हात बाहेर घेतले. दिवा हिरवा. तिने पायडल दाबलं. मोटर बंद असल्यामुळे नुसता खटका वाजला. पुन्हा गठ्ठा आत, लाल. हात बाहेर, हिरवा. बघता बघता तिला लय सापडली. आत, थोपट थोपट, बाहेर, खट्. दिवा तिच्याबरोबर बिनचूक चालत होता.

अण्णांचा चेहरा उजळला. “शाब्बास, जावईबापू! मी म्हणतच होतो. वायरमन, लाव मोटर.”

“जरा थांबा,” जावई म्हणाला. “आधी हातमोज्यात कागद कोंबून तो आत ठेवून बघू. पातं अडतं का ते—”

“आता बाहुलाबाहुलीचा खेळ कशाला? एवढं डोळ्यांदेखत दिसलं ना! तपासनीस केव्हाही टपकेल. तो यायच्या आत एक खरा गठ्ठा कापून झालेला बरा.”

वायरमनने जावयाकडे पाहिलं. जावयाने मान डोलावली. नाही म्हणण्यासारखं त्याला तरी कुठे काही दिसलं होतं? वायरमनने मोटर जोडली, मेन स्विच वर केला. मशीन गुरगुरायला लागलं. महिन्याभराने तो आवाज कारखान्यात घुमला. अण्णांनी आपसूक हात जोडले.

धाकटीने बाह्या सरसावल्या. गठ्ठा सरकवला, दिवा लाल. हात बाहेर, हिरवा, पायडल. दाबपट्टी उतरली, पातं उतरलं, कागदाची लांब पट्टी खाली पडली. झकास. तिने गठ्ठा फिरवला. दुसरी कड. तीही झकास. तिसऱ्या वेळी गठ्ठ्यातली मधली पानं जरा पुढे आली म्हणून ती थबकली. दोन्ही हात आत घालून, मान वाकडी करून पानं मागे रेटू लागली.

तिचे हात मनगटापर्यंत पात्याखाली होते. पाय पायडलवर होता. आणि दिवा हिरवा झाला.

जावई कसा उठला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. लॅपटॉप खाली आपटला. त्याने भिंतीवरचा मेन स्विच ओढला. मशीनचा आवाज खोल जात जात बंद पडला.

“हात! हात काढ बाहेर!”

धाकटीने हात छातीशी ओढून घेतले. “काय झालं? ओरडताय कशाला एवढे?”

“हिरवा झाला होता. तुझे हात आत होते.”

धाकटीने पायाकडे पाहिलं आणि हळूच तो पायडलवरून उचलला, साप असावा तिथे तसा.

“गफलत झाली असेल एखाद्या वेळी,” अण्णा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात वायरमन शिडीवरून म्हणाला, “अण्णा, तो दिवा बघा.”

बोर्डाची वीज वेगळी होती, म्हणून तो चालूच होता. पाट्यासमोर आता कोणी नव्हतं. सगळे चार हात लांब उभे होते. तरी दिवा लाल झाला. थोडा वेळ लालच राहिला, मग हिरवा, मग पुन्हा लाल. रिकाम्या पाट्यावर, कोणाचा हात नसताना, तो आपला शिस्तीत चालला होता.

“आयला,” वायरमन पुटपुटला. “कोण बसलंय तिथं?”

धाकटी दिव्याकडे टक लावून बघत होती. तिची बोटं ओढणीवर नकळत हलत होती. आत, थोपट थोपट, बाहेर. “भावोजी,” ती म्हणाली, “ही माझी लय नाही. मी दिव्याकडे बघून हात घालत होते. लाल झाला की आत, हिरवा झाला की बाहेर. मला वाटलं, किती सोपं जातंय आज.” ती थांबली. “ही ताईची लय आहे. तिच्या शेजारी उभी राहून मी हेच शिकले.”

जावई खाली वाकला. त्याने लॅपटॉप उचलला. कोपरा चेपला होता, पण चालत होता. प्रोग्रॅमने सुरू होताना लिहून ठेवलेल्या ओळी त्याने उघडल्या. दुसरीच ओळ होती: कॅमेरा उघडला नाही, जुना व्हिडिओ चालवत आहे.

ती सोय त्यानेच करून ठेवलेली होती. घरी मशीन नसायचं, कॅमेरा नसायचा. म्हणून कॅमेरा नाही मिळाला तर गुपचूप जुना व्हिडिओ लावायचा आणि त्यावर काम चालू ठेवायचं, असं त्याने प्रोग्रॅमला सांगितलं होतं. आणि सकाळी अण्णा मागे उभे असताना जी यादी त्याने सरकवली, तिच्यात मधेच कुठेतरी लिहिलं होतं की ह्या बोर्डावर कॅमेऱ्याचा आधार, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट चित्र घेणारा भाग, सापडला नाही. लायब्ररी बसली होती. तिला चित्रं वाचता येत होती, फायली वाचता येत होत्या. फक्त डोळा नव्हता.

त्याने व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. दिसले थोरलीचे हात. पाट्यावर गठ्ठा सरकवणारे, करंगळीला रबराची टोपी, मनगटावर घड्याळाचा पांढरा वण. घड्याळ ती काम करताना काढून ठेवायची. हात आत आले, दोनदा थोपटलं, बाहेर गेले. मशीनवरचा दिवा त्याच लयीत लाल होत होता, हिरवा होत होता.

अण्णा बघत होते. धाकटी बघत होती. वायरमन शिडीवरून उतरून आला आणि एकदाच बघून मागे सरकला.

जावयाने लॅपटॉप मिटला नाही. त्याला व्हिडिओ थांबवायचा होता आणि थांबवावासा वाटत नव्हता. शेवटी धाकटीनेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याने तो बंद केला.

“दुरुस्त व्हायला किती वेळ?” अण्णांनी विचारलं.

“कॅमेऱ्याचा भाग घालून लायब्ररीचा तेवढा तुकडा पुन्हा बांधावा लागेल. तासभर. जास्तच.”

अण्णांनी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. “हे बघा. तपासनिसाला काय दिसणार? दिवा दिसणार. धाकटी दिव्याबरोबर हात चालवते, ते तुम्ही पाहिलंतच. मोटर जोडायचीच नाही. नुसतं दाखवायचं. तो कागद काढून जाईल, मग तुम्ही निवांत करा काय करायचं ते. तोवर मी मशीनला हात लावू देणार नाही कोणाला.”

“अण्णा, नाही.”

“आज तो परत गेला तर पुन्हा कधी उगवेल? त्याचे दहा ठिकाणी दौरे. तोवर ह्या थप्प्या काय मी दातांनी कापू?”

“दिवा खोटा आहे, अण्णा.”

“मला माहीत नाही का ते? मी काय त्याच्या भरवशावर हात आत घालायला सांगतोय कोणाला?”

“उद्या गर्दीच्या दिवशी तुम्हीच सांगाल,” धाकटी म्हणाली. “एवढा एकच गठ्ठा, म्हणाल. आणि मी बसेन. मला सवय आहे तुमचं ऐकायची.”

“तू मधे बोलू नकोस.”

“हात माझे आहेत, अण्णा. मी नाही बोलणार तर कोण बोलेल?”

अण्णांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. मग कोणाकडेही न बघता ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

जावई कामाला लागला. आधी त्याने प्रोग्रॅममधली ती जुनी सोय काढली. तिथे नवं लिहिलं: कॅमेरा मिळाला नाही तर दिवा लाल, मशीन बंद, बाकी काही नाही. व्हिडिओ त्याने पुसला नाही. बोर्डावरून उचलून आपल्याजवळ ठेवला. मग कॅमेऱ्याच्या आधाराचं पॅकेज बोर्डावर टाकलं आणि यादी पुन्हा मागवली. ह्या खेपेला बोट ठेवून एकेक ओळ वाचली. कॅमेऱ्यापुढे ‘हो’ दिसलं. त्याने ती ओळ धाकटीलाही दाखवली.

“मला काय कळतंय त्यातलं?” ती म्हणाली.

“एवढंच वाच. हो लिहिलंय ना?”

“हो लिहिलंय.”

बांधणी सुरू झाली. टक्के चढू लागले. अर्ध्यावर आल्यावर आकडा हलेचना. बोर्ड तापला होता. वायरमनने कुठूनसा छोटा पंखा आणून त्याच्यावर धरला. तपासनीस दारात आला, तेव्हा तिघे जण तेवढ्याशा बोर्डाला वारा घालत बसले होते.

तपासनीस शांत माणूस होता. त्याने चष्मा पुसला. “तयार आहे?”

जावयाने सगळं सांगितलं. मघाशी काय झालं तेही सांगितलं, हिरव्या दिव्यासकट. बाहेरून आत आलेले अण्णा ऐकत होते. जावयाने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

“मग मी परत जाऊ?”

“थोडा वेळ बसाल तर नव्याने चाचणी तुमच्यासमोरच होईल. मलाही माहीत नाही काय होईल ते.”

तपासनिसाने घड्याळाकडे पाहिलं आणि पुस्तकांच्या एका थप्पीवर टेकला. “बसतो.”

बांधणी संपली. प्रोग्रॅम सुरू झाला. जावयाने आधी ओळी वाचल्या: कॅमेरा उघडला. त्याने कॅमेरा तळहाताने झाकला आणि दिवा लाल झाला. कॅमेऱ्याची वायर उपटली, लालच. पुन्हा लावली, हिरवा. रिकाम्या पाट्यावर हिरवा तसाच राहिला. हातमोज्यात कागद कोंबला आणि काठीने आत ढकलला. लाल. वायरमनने मोटर चालू करून काठीनेच पायडल दाबलं. पातं जागचं हललं नाही. मोजा बाहेर ओढला, पायडल दाबलं. पातं खाडकन उतरलं.

अण्णांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

“आता माणसाचा हात,” तपासनीस म्हणाला. “मोटर बंद करून.”

वायरमनने स्विच ओढला. धाकटी बसली. पण आता ती दिव्याकडे बघत नव्हती. नजर पाट्यावर, रोजच्यासारखी. गठ्ठा सरकवला, लाल. बाहेर, हिरवा. पुन्हा. पुन्हा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका पानाचा दुमडलेला कोपरा सरळ करायला तिने नुसता डावा हात आडवा आत घातला.

दिवा हिरवाच राहिला.

“तसाच ठेव,” जावई म्हणाला. तिने ठेवला. जरा वेळाने दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. प्रोग्रॅम घुटमळत होता.

धाकटी डावखुरी होती. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. प्रोग्रॅमला कोणी सांगितली नव्हती. शिकताना त्याने थोरलीचेच हात पाहिले होते, आणि थोरली असली बारीकसारीक कामं उजव्याने करायची.

जावई तपासनिसाकडे वळला. बोलायच्या आधी त्याने एकदा अण्णांकडे पाहिलं. अण्णा भिंतीला टेकून उभे होते, डोळे मुलीच्या त्या डाव्या हातावर. हात अजून पात्याखालीच होता.

“नाही जमलं, साहेब,” जावई म्हणाला. “कागद राहू द्या.”

तपासनिसाने मान डोलावली. “मला वाटलं, तुम्ही म्हणाल की बहुतेक वेळा बरोबर येतं.”

“बहुतेक वेळा येतं. म्हणूनच भीती वाटते.”

“तयार झालं की फोन करा. दौऱ्यावर नसलो तर मधे येऊन जाईन,” असं म्हणून तो उठला. कपड्यांना लागलेला कागदाचा चुरा झटकत निघून गेला.

आता अण्णा बरसणार, असं वाटून वायरमन उगाच शिडीची घडी घालायला लागला. अण्णा पाट्याजवळ आले. धाकटीचं मनगट धरून त्यांनी तिचा हात बाहेर काढला. उलटा केला, सुलटा केला, जणू कुठे खरचटलंय का ते बघत होते. मग सोडून दिला.

“हिचे किती व्हिडिओ लागतील?” त्यांनी जावयाला विचारलं.

“पुष्कळ. डाव्याचे, उजव्याचे. उजेड बदलून. रबराची टोपी घालून, न घालता.”

“मग बसलात काय? मोटरची वायर काढून टाक रे,” ते वायरमनवर ओरडले. “मुळासकट काढ. आणि बाहेरचा तो बाक आत आण. मला इथेच बसायचंय.”

जावयाने व्हिडिओसाठी नवीन फाइल उघडली. नाव काय द्यायचं ते पटकन सुचेना. ‘धाकटी, डावा हात’ असं लिहिलं आणि कॅमेरा चालू केला. लॅपटॉपवर तिचा हात आला. बोटं आखूड, अंगठ्याला शाई, नखं कुरतडलेली.

“इतकं सावकाश नको,” तो म्हणाला. “रोज करतेस तसं कर.”

“रोज माझ्याकडे कोणी असं बघत नाही. हात थरथरतोय.”

“थरथरू दे. तोही घेऊ.”

तिने गठ्ठा आत सरकवला.